त्या तुमच्या कोण लागतात?

गेल्या वर्षी मार्चमध्ये, रात्री पावणेबाराच्या सुमारास, नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवर आमच्या शेजारच्या लहान बाईंना हा प्रश्न विचारला गेला. विचारणारा पोरगा उद्धट नव्हता. त्याच्यासमोर छापील फॉर्म होता, त्यात ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नव्हतं. आत मोठ्या बाई बेशुद्ध होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. लहान बाईंनी पेन घेतलं, रकान्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि ‘मैत्रीण’ असं लिहिलं.

‘मैत्रीण नको मॅडम, नातेवाईक पाहिजे. सख्खं कोणी नाही काय?’

सख्खं म्हणजे चंद्रपूरला राहणारा भाचा. त्याला फोन गेला, तो मिळेल ती गाडी घेऊन निघाला. औषधोपचार थांबले नव्हते, हे सांगितलं पाहिजे. पण ऑपरेशनच्या कागदावर सही त्याचीच हवी होती, आणि तो पोचायला पहाटेचे साडेतीन वाजले. पोरगा सज्जन आहे. धावत आला, पेन हातात घेतलं आणि सही करण्याआधी लहान बाईंकडे वळून म्हणाला, ‘बाई, आत्याले शुगर आहे का जी? गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ लहान बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्या, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, सगळं ठळक अक्षरात लिहिलेलं. त्याने तो कागद डॉक्टरांना दिला आणि सही केली. सगळं जिला माहीत होतं तिची सही चालत नव्हती, आणि ज्याची चालत होती तो तिला विचारून सांगत होता. मी तिथेच उभी होते.

दोघी एकाच शाळेत शिक्षिका होत्या. मोठ्या बाई मराठी शिकवायच्या, लहान बाई गणित. वसाहतीत सगळे त्यांना याच नावांनी ओळखतात. मी एकवीस वर्षं त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि एकवीस वर्षांत मी त्यांना काही विचारलं नाही. हॉस्पिटलातून घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी लहान बाई स्वतःच बोलल्या. म्हणाल्या, ‘ब्याण्णव साली मी त्यांच्या घरी नांदायला आले. याला दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. आम्ही एकमेकींच्या कोण लागतो, हे तेहतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्या कागदाने विचारलं.’ हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मराठीत नातं ‘लागतं’. मामा लागतो, आत्या लागते, दूरचा भाऊ लागतो. ‘लग्न’ हा शब्दही तिथलाच. लग्न म्हणजे लागलेलं, जोडलेलं. हे मला मोठ्या बाईंनीच कधीतरी जिन्यात उभं राहून सांगितलं होतं. जन्माने जी नाती लागतात त्यात आपल्याला विचारलं जात नाही. परक्या माणसाला आपलं करून घेण्याच्या दोनच रीती समाजाने ठेवल्या, दत्तक आणि लग्न. काल जी व्यक्ती कोणीच नव्हती ती आज सगळ्यात जवळची ठरते. आईबापांच्याही आधी तिला विचारलं जातं, आणि ही गोष्ट दवाखाना, बँक, तहसील, न्यायालय या सगळ्यांना निमूट मान्य करावी लागते. माझ्या मते कायद्याच्या दृष्टीने लग्नाचा अर्थ हा आहे. मांडव, वाजंत्री, वडाभात, आहेर यांतला आनंद खरा आहे, मलाही तो हवा असतो. पण उद्या नवरा आयसीयूत असला तर बायकोला आत सोडतात ते मांडवामुळे नव्हे.

समलिंगी विवाहाचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी अडकतो. दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र काय करतात, हे निसर्गाला धरून आहे का, असल्या प्रश्नांवर तासन्‌तास चर्चा. तो प्रश्न कायद्यापुरता निकाली निघाला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध बाहेर काढले. १८६० साली इंग्रजांनी आणलेलं ते कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर उरलंच नाही. म्हणजे दोघींनी एका घरात राहणं गुन्हा नाही. मात्र त्या घरात त्या एकमेकींच्या कोण, यावर कायदा गप्प आहे, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘कोणीच नाही’ असा होतो.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली. मृतांच्या खात्यांचं टेबल त्यातली सहा वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे ‘कोणीच नाही’ म्हणजे काय हे मला कागदावर दिसतं. मोठ्या बाई राहतात तो फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर आहे. १९९६ साली घेतला तेव्हा निम्मे पैसे लहान बाईंचे होते, पण कर्ज एकीच्या पगारावर मिळालं म्हणून कागद एकीच्या नावाचे. मोठ्या बाई त्या रात्री गेल्या असत्या, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित, निपुत्रिक बाईची मालमत्ता आधी आईबापांकडे आणि ते नसतील तर बापाच्या वारसांकडे जाते. म्हणजे त्याच भाच्याकडे. मृत्युपत्र नव्हतं. लहान बाईंचं नाव कुठल्याच पायरीवर येत नाही. अगदी शेवटच्या पायरीवरसुद्धा.

मग मी सुचवलं, अर्धा फ्लॅट बक्षीसपत्राने नावावर करून घ्या. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला किंवा बापाने मुलीला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकानेही पहिला प्रश्न तोच विचारला, नातं काय? नातं नसेल तर विक्रीच्या दस्ताला लागतं तसं शुल्क. मी हिशेब करून दाखवला. तो आकडा बघून दोघी परत आल्या. इथेच संपत नाही. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम दिली तरी ती भेट करमुक्त असते, आणि नातेवाईक नसलेल्याने वर्षात पन्नास हजारांवर दिलं की घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. नोकरीत असताना गेलेल्याच्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, इथे प्रश्नच येत नाही. वेगळं राहावं लागलं तर पोटगी नाही. एकीला वेड लागलं, विसर पडला, तर दुसरी तिची पालक नाही. एका शब्दावर एवढं सगळं टांगलेलं आहे हे मलाही टेबलावर बसल्याशिवाय कळलं नसतं.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर निकाल दिला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे शब्द न्यायालय बदलू शकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी का आणि त्यांना मिळून मूल दत्तक घेता यावं का, यावर तीन विरुद्ध दोन. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

निकाल वाचून मला वाईट वाटलं, पण न्या. रवींद्र भट यांनी मांडलेली एक अडचण मी हलकी मानत नाही. आपले विवाहविषयक कायदे ‘पती’ आणि ‘पत्नी’ या शब्दांभोवती विणलेले आहेत, आणि त्यातले बरेचसे शब्द बाईच्या रक्षणासाठी आहेत. पोटगी, छळ, राहत्या घराचा हक्क. न्यायालयाने सरसकट सगळीकडे ‘जोडीदार’ लिहिलं तर ते रक्षण सैल पडायची भीती खरी आहे. हे काम एकेक कलम बसून विणण्याचं आहे आणि ते संसदेचं आहे, हे मला पटतं. पण संसदेने ते सुरू तरी करायला हवं ना. १ एप्रिल २०२२ रोजी सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पती-पत्नीऐवजी जोडीदार, दोन पुरुषांसाठी वय एकवीस, दोन स्त्रियांसाठी अठरा, इतकं सुटसुटीत. त्यावर सभागृहाने मन लावून चर्चा केली असती, तर विरोधकांच्या शंका तरी कागदावर आल्या असत्या.

सरकारने निकालानंतर समिती नेमली आणि २०२४ मध्ये काही पत्रकं काढली. अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले समजावं. संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. पावलं चांगली आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त बँकेतल्या माणसाने सांगायला हवं ते सांगते. संयुक्त खातं दोन परक्या माणसांना आधीही उघडता येत होतं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, असं लिहून. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीने पैसे घ्यायचे आणि वारसाला द्यायचे, तो मधला हात असतो. कितीतरी विधवा बायकांना मी हे समजावून सांगितलं आहे, पण त्या निदान वारसांपैकी तरी एक असायच्या. आणि पार्थिवाच्या पत्रकातली अट पुन्हा वाचा, ‘जवळचे नातेवाईक नसतील तर’. चंद्रपूरचा भाचा आहे. तो भला आहे म्हणून बरं. भला नसता तर?

आता मूळ आक्षेपाकडे येते, कारण तो आमच्याच गावातून सगळ्यात ठामपणे मांडला जातो आणि त्याला आदराने उत्तर दिलं पाहिजे. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी सांगितलं की विवाह हा हिंदू जीवनातला संस्कार आहे, तो करार नाही, उपभोगाचं साधन नाही, आणि तो स्त्री-पुरुषांतच होतो. त्याच वर्षी जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले होते की अशी माणसं आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांनाही समाजात आपली जागा मिळायला हवी. त्यासाठी त्यांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला दिला. संघाची कार्यालयं आहेत त्या महाल आणि रेशीमबाग भागांत माझे नातेवाईक आहेत, शेजारी आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी ती दोन्ही वाक्यं मनापासून मानली आहेत. माझं म्हणणं इतकंच, की दुसरं वाक्य खरं करायचं तर पहिल्याला वाट मोकळी करावी लागेल. समाजात जागा म्हणजे काय? पानसुपारीला बोलावणं, की आजारपणात उशाशी बसायचा हक्क?

आणि संस्काराविषयी. लग्न करार नाही, त्यात करारापलीकडचं काहीतरी आहे, हे मी मान्यच करते. पहाटे साडेतीनला पर्समधून निघालेला तो गोळ्यांचा कागद कुठल्या कराराने लिहून घेतला होता? पण कुठला विवाह संस्कार आणि कुठला नाही, याचं उत्तर आपण दर पिढीत बदलत आलो आहोत, आणि दर वेळी बदलताना धर्म बुडेल अशी हाकाटी झालेली आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीने पहिलं लग्न लागलं, भटजीशिवाय. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू बोलते, बायकांचे हक्क मागते आणि वर तिला वचन देतो. तेव्हाच्या कित्येकांच्या लेखी ते लग्नच नव्हतं. वेगवेगळ्या जातींतल्या हिंदूंचं लग्न वैध आहे असं सगळीकडे निःसंदिग्धपणे म्हणणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. हिंदू पुरुषाला एकच बायको आणि बाईलाही घटस्फोटाची मुभा, ही गोष्ट देशभर लागू व्हायला १९५५. त्याआधी १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रेंगाळलं म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. संस्कार आहे, त्यात घटस्फोट कसला, हाच तेव्हाचा आक्षेप होता. आज कन्यादान न करता नोंदणी करणारी जोडपी संघाच्या घरातही आहेत आणि त्यांच्या संसाराला कोणी उणं म्हणत नाही.

नागपूरकरांनी एक गोष्ट मुद्दाम आठवावी. १८७२ चा जुना विशेष विवाह कायदा वापरायचा तर ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ अशी ओळीने नकाराची घोषणा करावी लागे. जोडीदार हवा तर धर्म सोडा. हे बदललं १९२३ साली, आणि ती दुरुस्ती आणणारे हरीसिंग गौर नागपुरात वकिली करत होते. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न सोडता आपसांत नोंदणी विवाह करता येऊ लागला. पण विरोध इतका होता की कायद्यात शिक्षेसारखी कलमं घालावी लागली. असं लग्न केलेला मुलगा एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा धरला जाई. आणि तो एकुलता एक असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा. म्हणजे मुलगा जिवंत असताना कायद्याने गेलेला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. आज आंतरजातीय लग्नाला शासन अनुदान देतं. त्या दुरुस्तीनंतर पंचवीस वर्षांनी, १९४८ मध्ये, बाबासाहेब आणि डॉ. शारदा कबीर यांचं लग्न दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच झालं.

बाबासाहेबांचं नाव घेतलंच आहे तर एक खटलाही सांगते, तो मराठी माणसाला माहीत असावा. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. समलिंगी आकर्षणाबद्दलही त्यांनी विकृतीची भाषा न वापरता लिहिलं. १९३४ साली त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले ते आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. ज्या काळात चळवळीतल्या माणसाने असल्या विषयापासून दूर राहणं शहाणपणाचं होतं, त्या काळात ते कोर्टात उभे राहिले. दीक्षाभूमीच्या शहरात हा विषय परका म्हणून कोणी ढकलू नये, असं मला वाटतं. आमच्याकडच्या विहारांत पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण-पंचशील म्हणून, दोघांनी एकमेकांना प्रतिज्ञा देऊन लग्नं लागतात. ना होम, ना मुहूर्त. शेजारच्या गल्लीतल्या सप्तपदीवाल्यांना ते लग्न वाटतंच की.

लग्न मुलांसाठी असतं, हा आक्षेप मला फार वेळ थांबवत नाही. साठीच्या विधुर-विधवांचे परिचय मेळावे भरतात, आपण टाळ्या वाजवतो, नातवंडांनी आजीचं लग्न लावलं म्हणून बातम्या छापतो. तिथे कोणी मुलांचा विषय काढत नाही. खरी मुलांची काळजी असेल तर दत्तकाचा नियम बघावा. एकट्या बाईला मूल दत्तक घेता येतं. जोडप्याने घ्यायचं तर किमान दोन वर्षांचा स्थिर विवाह लागतो. म्हणजे अशा घरात मूल आलं तर ते कागदावर एकीचं, वाढवतात दोघी, आणि कागदावरची आई गेली तर दुसरी त्या लेकराची कोणी लागत नाही. यात मुलाचं काय भलं होतं?

न्यायालयात सरकारने हा ‘शहरी उच्चभ्रूंचा’ विषय आहे असंही म्हटलं होतं. आमच्या शेजारच्या राज्यात, १९८७ साली, पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली. त्या दोघींना कोणत्या दिवाणखान्यातून ही कल्पना मिळाली असेल? नागपुरात २०१६ पासून संविधान चौकातून इंद्रधनुषी झेंडे घेऊन मिरवणूक निघते. मी दोनदा जाऊन पाहिलं. त्यात कळमेश्वरहून एसटीने आलेला पोरगा होता, चेहऱ्यावर रुमाल बांधून. एमआयडीसीत कामाला होता. रुमाल का, विचारलं तर म्हणाला, ‘टीव्हीवाले आहेत ना काकू. घरी लग्नाचं पाहून राहिले.’

त्या वाक्यापाशी मी अडखळले, कारण घरी लग्नाचं बघताहेत म्हणजे कुठल्यातरी मुलीचं आयुष्य बघताहेत. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं असंच झालं. शिकलेली, कमावती. मुलगा चांगल्या नोकरीत, निर्व्यसनी, दिसायला देखणा, आणखी काय हवं म्हणून पंधरा दिवसांत साखरपुडा, दोन महिन्यांत लॉनवर आठशे पानं उठली. सात महिन्यांनी ती परत आली. मुलाने आईला लग्नाआधी दोनदा सांगितलं होतं, मला मुलींबद्दल तसं वाटत नाही. आई म्हणाली होती, लग्न झालं की सगळं ताळ्यावर येतं. ताळ्यावर काही आलं नाही. रात्री तो भिंतीकडे तोंड करून रडायचा आणि ही विचारायची, माझ्यात काय कमी आहे? तिला वाटत होतं तिच्यातच काहीतरी कमी आहे. सात महिने रोज. पुढे चार वर्षं कोर्ट. आता दुसरं स्थळ बघताना तिच्या नावापुढे ‘घटस्फोटित’ लागतं आणि मुलाकडच्या लोकांचे पहिले चार प्रश्न तिलाच विचारले जातात. त्या मुलाचा मला राग आला होता. आता तितका येत नाही. त्या घराने त्याला दोनच दारं दाखवली, एक खोटं लग्न आणि एक घराबाहेरचं.

विवाहसंस्था धोक्यात आहे म्हणणाऱ्यांना मी मनापासून विचारते, विवाहाची विटंबना कुठे झाली? त्या आठशे पानांच्या लॉनवर, की समोरच्या फ्लॅटमधल्या त्या तेहतीस वर्षांत?

स्त्री चळवळीतली माझी एक जुनी मैत्रीण मला दुसऱ्या बाजूने अडवते. म्हणते, लग्न हाच बायकांचा पिंजरा, ज्या त्याबाहेर आहेत त्यांना तू आत कशाला ढकलतेस? तिचा मुद्दा मी टाकून देत नाही. माणसाने आपलं जवळचं माणूस स्वतः ठरवावं, लग्न असो नसो, आणि दवाखान्याने ते मानावं, ही सोय सगळ्यांसाठीच हवी. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दोन मुलींच्या प्रकरणात म्हटलं आहे की कुटुंब उभं करायला लग्न हा एकच मार्ग नाही, पसंतीचं कुटुंबही असू शकतं. ते छानच. पण ज्याला दार उघडं आहे त्यानेच ‘मला आत जायचं नाही’ म्हणावं. लहान बाईंनी कधीच लग्न नाकारलं नाही, त्यांना कोणी विचारलंच नाही. आणि त्यांच्यासाठी ‘लग्नासारखं काहीतरी’ वेगळ्या नावाने करू, या तडजोडीबद्दलही मला शंका आहे. आजच्या अडचणीत तेही मिळालं तर दोघी घेतील, मीही पेढे वाटीन. पण वेगळा पाणवठा काढून देण्यात पाणी मिळतं तरी काहीतरी राहून जातंच, हे या शहराला समजावून सांगायची गरज नसावी.

कायदा करताना एक काम हातासरशी व्हावं. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावतात, नावपत्त्यासकट, कोणाला हरकत असेल तर कळवा म्हणून. आंतरजातीय, आंतरधर्मीय पोरापोरींच्या जिवाशी ते आजही खेळतं. रुमाल बांधलेल्या त्या पोराचं नाव भिंतीवर तीस दिवस राहिलं तर एकतिसावा दिवस उजाडेल का?

मोठ्या बाई वाचल्या. उजवा हात मात्र गेला. मोत्यासारखं अक्षर होतं त्यांचं, वसाहतीच्या फलकावरचे सुविचार त्याच लिहायच्या. बक्षीसपत्र परवडलं नाही म्हणून शेवटी मृत्युपत्र केलं, त्याला मुद्रांक लागत नाही. वकील घरी आले होते. साक्षीदार म्हणून मी आणि खालच्या मजल्यावरचे एक काका. वकिलांनी मसुदा वाचून दाखवला, ‘माझी मैत्रीण श्रीमती अमुक’. मोठ्या बाईंनी डाव्या हाताने थांबवलं. जीभ अजून जड आहे, शब्द सावकाश येतात. ‘मैत्रीण काढा.’ मग काय लिहू, वकिलांनी विचारलं. सहचारिणी? सहनिवासी? जन्मभर व्याकरण शिकवलेली बाई डोळे मिटून शब्द शोधत राहिली. लहान बाई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. थोड्या वेळाने मोठ्या बाईंनी मान हलवली. तो शब्द रिकामाच राहिला. नुसतं नाव, वय चौसष्ट, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका. पत्ता विचारल्यावर वकिलांनी वर बघितलं, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, ‘वरीलप्रमाणेच.’ मग लहान बाईंनी ट्रे ठेवला, शाईचा पॅड पुढे घेतला आणि त्यांचा अंगठा धरून कागदावर टेकवला.